तांबडा पंचा

“...मग काहील ओढायची कधी, हे ओळखायचं कशावरनं?”

दस्तगीरनानांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

“नाना, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकतोय की.”

“रंगावरनं?”

“रंग असतोय.”

“का फेसावरनं?”

“फेस बी असतोय.”

“वासावरनं म्हणावं तर...”

“वास तर असतोयच,” नाना म्हणाले, आणि सणसणीत शिंकले.

सर्जेरावानं कपाळाला हात लावला. चार हंगाम झाले, हाच प्रश्न आणि हीच शिंक.

माळवाडीच्या गुऱ्हाळावर दस्तगीरनाना मुलाणी गुळव्या होते. उसाचा रस चुलवाणावरच्या मोठ्या काहिलीत दोन-तीन तास कढतो, आणि मग अशी एक घटका येते की तेव्हाच काहील खाली घेतली तर गूळ होतो. आधी घेतली तर ढेप बसत नाही, पाणी सुटतं. नंतर घेतली तर गूळ करपतो. ती घटका ओळखून “वढा!” म्हणायचं, एवढंच गुळव्याचं काम. मळी काढणं, भेंडीचं पाणी घालणं, जाळ कमी-जास्त करणं, हे कुणालाही चार दिवसांत शिकवता येतं. तो एक शब्द मात्र कुणाला शिकवता येत नाही.

नाना तो शब्द म्हणत. चार गडी कड्यांत दांडा घालून काहील ओढत, आणि गूळ शेजारच्या वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, सोन्यासारखा पसरत असे. गेल्या चार हंगामांत एक काहील चुकली नव्हती.

सर्जेराव त्यांचा चेला. नाव सर्जेराव, पण स्वभाव असा की एसटीत दोन जागा रिकाम्या दिसल्या तर हा गडी उभ्यानं प्रवास करायचा. खिडकीची घ्यावी का दाराजवळची, हे ठरेपर्यंत दोन्ही भरून जात. लग्नासाठी अकरा मुली पाहिल्या. बाराव्या मुलीनंच विचारलं, “तुम्हाला नक्की करायचं आहे ना?” हा “बघू” म्हणाला. शेवटी त्याच्या आईनं परस्पर साखरपुडा उरकून टाकला, म्हणून संसार झाला.

तरीही गडी गर्विष्ठ होता. बारावी सायन्स झालेला. या सगळ्यामागं एखादा नियम आहे, म्हातारा तो दाबून ठेवतोय, आणि आपण तो शोधून काढू, असं त्याला वाटे. म्हणून त्यानं एक वही घातली होती. नानांनी “वढा!” म्हटलं की हा घड्याळ बघून लिहायचा. फेस केवढा, रंग कसा, ऊस कुणाचा, जाळ किती. चार हंगामांत वही भरत आली, पण नियम काही सापडला नाही. एका दिवशी फेस लिंबाएवढा असताना नाना ओढायला सांगत, दुसऱ्या दिवशी बोराएवढा असताना.

नानांच्या तऱ्हा तरी किती सांगाव्यात! दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला होता.

“उद्यापासनं तांबडा पंचा आणायचा. भडक. डाव्या खांद्यावर टाकायचा. आणि माझ्या शेजारी न्हाई, काहिलीच्या पल्याड उभा राहायचं.”

“पल्याड का?”

“हवा लागतीया तिकडं.”

सर्जेरावाला हे फार लागलं होतं. पहिल्या हंगामात तो नानांच्या खांद्याला खांदा लावून उभा असायचा. आता मधे हातभर वाफ. म्हातारा आपल्याला लांब ठेवतोय, त्याचं कसब आपण चोरू म्हणून भितोय, असंच त्यानं धरून ठेवलं. तांबड्या पंच्यामुळं गावात लोक त्याला “काय बँडवाले, आज वरात कुणाची?” म्हणून विचारत, ते वेगळंच.

पण आज गोष्ट प्रश्नावर भागणारी नव्हती. आज त्याच्या खिशात सुपारी होती.

तिकडं अशी रीत आहे. ज्याला आपल्या गुऱ्हाळावर गुळव्या हवा असेल, तो त्याच्याकडं सुपारी पाठवतो. गुळव्यानं ती कातरून खाल्ली तर होकार. अख्खी परत पाठवली तर नकार. मधलं काही नाही. नदीपलीकडच्या शिरगावच्या शामराव इंगळ्यांनी नवं गुऱ्हाळ घातलं होतं, आणि त्यांनी मुख्य गुळव्या म्हणून सुपारी पाठवली होती ती नानांना नव्हे, सर्जेरावाला.

त्याला तीन दिवस झाले होते. सर्जेराव ती खिशातून काढायचा, बघायचा आणि परत ठेवायचा. हातातल्या हातात फिरून सुपारी गुळगुळीत झाली होती. आज दिवस मावळायच्या आत इंगळ्यांचा माणूस उत्तर न्यायला येणार होता. उत्तर मिळालं नाही तर सुपारी दुसऱ्या गावच्या गुळव्याकडं जाणार होती, आणि असं बोलावणं काही दर वर्षी येत नाही.

“नाना,” सर्जेराव म्हणाला, “मला आज कळायलाच पाहिजे. तिथं मी एकटा असणार. ‘वढा’ मलाच म्हणावं लागणार. ती खूण एकदा सांगून टाका. मी कुणाला बोलणार नाही.”

नदीकडून वारा येत होता. घाण्याच्या इंजिनाची धडधड चालली होती.

“आज काहिली किती?”

“दोन. पहिली तुमच्या बांधाकडच्या उसाची. दुसरी हौसाक्काची.”

“मग पहिली तू उतरव.”

“मी?”

“तूच की. खूण पायजे न्हवं?”

आणि नाना उठले, आपलं बाजलं उचललं, काहिलीकडं पाठ येईल असं फिरवलं, आणि नदीकडं तोंड करून बसले.

सर्जेराव बघतच राहिला. “नाना, हे काय? इकडं तोंड करा की.”



रस कढू लागला. मळी वर आली, ती त्यानं काढली. फेस चढला, भेंडीचं पाणी शिंपडलं, फेस खाली बसला. इथवर सगळं पाठ होतं. हळूहळू रंग पालटला. काहिलीत बुडबुडे जाड झाले आणि सावकाश फुटू लागले.

जाळ घालणारा बंडा म्हणाला, “सर्जेराव, जाळ कमी करू?”

“थांब जरा.”

“मग ठेवू?”

“थांब म्हटलं ना!”

त्याच वेळी त्याचा हात खांद्याकडं गेला. काहिलीचं कडं तापलेलं असतं म्हणून ते पंच्यात धरायचं, त्यासाठी पंचा आपसूक हातात आला. सर्जेरावानं तो पाहिला. छे, अजून कुठं! त्यानं पंचा परत खांद्यावर टाकला आणि पळीभर पाक परातीतल्या गार पाण्यात सोडला.

गुळाची परीक्षा अशीच करतात. पाण्यात पाकाची गोळी वळायची आणि परातीवर आपटायची. टण् वाजली की झालं.

पहिली गोळी वाजली नाही.

दुसरीचा आवाज आला, पण बोदा.

“नाना, एवढंच सांगा, बोदा आवाज चालतो का?”

पाठ गप्प.

तिसरी गोळी परातीवर पडली, आणि घंटेसारखी टणकन वाजली. सर्जेरावाच्या जिवात जीव आला. आता खात्री झाली होती. शंकेला जागाच नव्हती.

“ओढा!” तो ओरडला.

गड्यांनी काहील ओढली. गूळ वाफ्यात पडला, आणि पडता पडताच सगळ्यांच्या नाकात तो वास गेला... करपल्याचा.

बंडानं हातातली चिपाडं खाली ठेवली. वाफ्यातला गूळ काळपट तांबडा होऊन आळत चालला होता. नानांच्या घरचा वर्षाचा गूळ होता तो. सर्जेरावाला ते आत्ता आठवलं, आणि त्याला तिथंच बसावंसं वाटलं.

तो बाजल्याजवळ गेला. “नाना... तुमचा गूळ घालवला मी.”

“किती येळा वाजवलीस?”

“तीनदा.”

“तिसऱ्यांदा वाजली?”

“चांगली वाजली. खात्री झाली तेव्हाच ओढायला सांगितलं.”

“खात्री व्हायला येळ लागतोय,” नाना म्हणाले. “काहील तेवढी थांबत न्हाई.”

सर्जेराव वाफ्यातल्या काळ्या गुळाकडं बघत राहिला.

“पंचा कवा हातात घेतलातास?”

“कसला पंचा?”

“तुझा. खांद्यावरचा. कवा काढलास?”

सर्जेराव आठवू लागला. हे त्यानं वहीत लिहिलं नव्हतं. “पहिल्या गोळीच्या आधी. आपसूक हातात आला होता.”

“मग?”

“मग परत ठेवला.”

“का?”

“खात्री नव्हती म्हणून.”

नानांनी मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मग ते उठले, चाचपत वाफ्याजवळ आले, आणि वाकून बघितल्यासारखं करून म्हणाले, “रंग कसा आलाय रे?”

“दिसतोय की, नाना. कशाला मीठ चोळताय?”

“मला न्हाई दिसत.”

सर्जेरावाला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. त्यानं वर बघितलं. नानांचे डोळे वाफ्याकडं होते, पण गुळाकडं नव्हते. ते वाफ्याच्या काठाकडं लागले होते, जिथं गूळ नव्हताच.

“नाना...”

“काचबिंदू. गेलेली नजर येत न्हाई म्हणतोय डॉक्टर. सगळं धूर धूर दिसतंय.”

“कधीपासनं?”

“तीन हंगाम झालं.”

“आणि वास?”

नानांनी खिशातली तपकिरीची डबी वाजवून दाखवली. “नाक तर नजरंच्या आधीच गेलं.”

तीन हंगाम. दोनशेवर काहिली. एक चुकली नव्हती.

“मग ‘वढा’ कशावर म्हणत होता तुम्ही? रंग दिसत नाही, वास येत नाही, या इंजिनापुढं काहिलीचा आवाज ऐकू येत नाही... नाना, तुम्हाला दिसत तरी काय होतं?”

“तांबडं तेवढं दिसतंय मला,” नाना म्हणाले. “वाफंतनं बी दिसतंय. खांद्यावर हाय का हातात आलंय, एवढं कळतंय.”

...

सर्जेराव खाली बसला.

त्याच्या डोळ्यांपुढून तीन हंगाम सरकले. भडक पंचा, डावा खांदा, काहिलीच्या पल्याड उभं राहणं. आपण “ओढू का, ओढू का” म्हणून भंडावून सोडायचो आणि नाना “गप” म्हणायचे. मग कधीतरी एकदम “वढा!” ऐकू यायचं, आणि आपल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला काय दिसलं असेल?

त्याला रडू आलं. ते कशाचं, हे त्याचं त्यालाच कळेना. थोडं नानांच्या डोळ्यांसाठी होतं, थोडं स्वतःच्या मूर्खपणासाठी.

“पण माझा हात बरोबर जातो, हे तुम्हाला कसं माहीत?”

“पयल्या हंगामात डोळं चांगलं हुतं की माझं. शेजारी उभा हुतास. मी ‘वढा’ म्हणायला तोंड उघडायचो, तवर तुझा हात पंच्याला गेलेला असायचा. लई येळा बघितलं. म्हटलं, बरं हाय, म्हातारपणाची सोय झाली.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू हाताकडं बघत बसला असतास.” नाना थांबले. “आणि खोटं कशाला बोलू, माझी भाकर हुती त्यात. एवढी चूक हाय माझी.”

सर्जेरावानं वही काढली, चाळली आणि मिटली.

“यात तू कुटं हायस?” नानांनी विचारलं.

“कुठंच नाही,” तो म्हणाला.

तेवढ्यात हौसाक्का आली. गेल्या साली नवरा गेल्यावर तिनं एकटीनं दीड-दोन गुंठे ऊस राखला होता. तेवढ्याच उसाची ही एक काहील. नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि लग्नाच्या पोळ्या घरच्याच गुळाच्या व्हाव्यात अशी तिची फार इच्छा होती. तिनं वाफ्यातला काळा गूळ बघितला, पदर तोंडाला लावला आणि नानांकडं बघितलं.

“माझा हाय तो,” नाना म्हणाले. “तुझा चांगला हुईल.”

“तुम्ही उतरवणार न्हवं, नाना?”

“सर्जा उतरवंल.”

हौसाक्का सर्जेरावाकडं बघत राहिली. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून सर्जेरावाला पळून जावंसं वाटलं.

तो नानांना बाजूला घेऊन गेला. “नाना, मला नाही जमायचं. मघाशी निदान माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. आता हात लाकडाचा झालाय माझा. सगळं लक्ष त्या पंच्याकडंच लागणार.”

“मग लागू दे.”

“आणि बिघडलं तर?”

“तर हौसाक्काला तू सांगायचं. मी न्हाई.”

दुसरी काहील चढली. या वेळी नानांनी बाजलं फिरवलं नाही. ते रोजच्यासारखे काहिलीच्या अलीकडं उभे राहिले, आणि सर्जेराव पलीकडं. मधे वाफ. तांबडा पंचा डाव्या खांद्यावर.

रस उकळला, मळी निघाली, फेस चढला आणि बसला. सर्जेराव फावड्यानं ढवळत होता, पण त्याचं ध्यान खांद्याकडं होतं. हात जातोय का? नाही. आता जातोय का? उगाच एकदा त्यानंच तो नेऊन बघितला, पण ते नाटक त्याचं त्यालाच कळलं. त्याच्या अंगाला घाम सुटला. जाळाच्या बाजूला उभं राहून घाम यावा यात नवल नाही, पण हा घाम गार होता.

“सर्जा,” वाफेतून नानांचा आवाज आला, “शिरगावला जायचं का न्हाई?”

“आत्ता ते कशाला, नाना? काहील बघू द्या.”

“काहील बघ. त्वांड रिकामं हाय न्हवं? सांग.”

“काय सांगू! जावं तर तिथं एकटं पडतो. न जावं तर लोक म्हणतील, भ्याला.”

“मग?”

“मग काय मग? आई म्हणते जा. बायको म्हणते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणजे जाऊ नका.”

बंडा हसला. सर्जेरावालाही जरा हसू आलं. फावडं फिरत होतं.

“तुला काय वाटतंय?”

“मला वाटतं जावं. सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, इथं काय वाईट आहे? घर जवळ, गडी ओळखीचे.”

“हं.”

“इंगळे माणूस बरा आहे. नदीच्या पाण्याचा ऊस आहे, रस गोड असणार. वाफेही मोठे बांधलेत, मी जाऊन बघून आलो.”

“कवा गेलतास?”

“परवा. सहज.” सर्जेराव जरा ओशाळला. “पण नाना, खरं सांगू? खरं कारण आत्ता मघाशी कळलं मला. मी गेल्यावर इथं पल्याड कोण उभं राहणार? तांबडं कुणाच्या खांद्यावर बघणार तुम्ही? मी गेलो तर तुमचं गुळव्यापणच संप... ओढा!”

तो स्वतःच दचकला.

पंचा त्याच्या हातात होता. कधी आला, कुणास ठाऊक. तोंडातलं वाक्य अर्धं राहिलं होतं. परातीतल्या गार पाण्यात एक गोळी पडलेली नव्हती.

गडी नानांकडं बघू लागले.

“बघताय काय? ओढा म्हटलं ना!”

त्यानं कडं पंच्यात धरलं आणि जोर लावला. दांडा आत गेला, काहील सरकली, कलंडली, आणि गूळ वाफ्यात उतरला. मग मात्र सर्जेरावाची नजर परातीकडं गेली. चूक झाली. लवकर झालं. गोळी तरी बघायची होती. बाईच्या नातीचं लग्न...

वाफ्यात गूळ पसरला आणि हळूहळू आळू लागला. आधी कडेनं, मग मधे. पिवळाधमक, चकाकता, रवाळ. कुठं पाणी नाही, कुठं काळेपणा नाही.

हौसाक्कानं काठाचा एक तुकडा खरवडून तोंडात टाकला. डोळे मिटले. तो तुकडा विरघळेपर्यंत सर्जेराव दहा वर्षांनी म्हातारा झाला.

“ह्यांच्या हातचा असायचा तसा झालाय रे बाबा,” ती म्हणाली. तिला नवऱ्यानं पिकवलेल्या उसाचा गूळ म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. वाफ्यातला एक मोठा तुकडा काढून तिनं आधी नानांच्या हातावर ठेवला आणि मग सर्जेरावाच्या.

नानांनी तो चघळला. “सर्जा, घटका कशी हुती?”

“कळलंच नाही, नाना.”

“असंच असतंय.”

गडी वाफ्यातला गूळ ढेपांच्या साच्यात भरू लागले. ऊन उतरलं. सर्जेराव आणि नाना बाजल्यावर बसले होते. मधे नानांची चंची उघडी पडली होती, पानं, चुना, कात आणि तो जुना पितळी अडकित्ता. रोज या वेळी सर्जेराव नानांना सुपारी कातरून देत असे. नानांच्या दातांना मोठी खांडं झेपत नव्हती.

पलीकडच्या काठावरून मोटारसायकल येताना दिसली. इंगळ्यांचा माणूस. पूल ओलांडून बांधापर्यंत यायला त्याला फार वेळ लागणार नव्हता.

“आला,” सर्जेराव म्हणाला.

“ऐकू येतंय.”

“नाना, मघाशी माझं बोलणं अर्धं राहिलं.”

“ऐकलं मी.”

“मी गेलो तर तुमचं काय?”

“माझं गुळव्यापण तीन हंगामांमागंच संपलं की रे. तू संपू दिलं न्हाईस.” नानांनी तपकिरीची डबी उघडली, मग नको म्हणून मिटली. “तीन हंगाम तुझ्या खांद्यावर काढलं. लई झालं.”

“असं बोलू नका.”

“मग कसं बोलू?”

सर्जेरावाला हा म्हातारा आत्ता जेवढा आपला वाटत होता तेवढा चार हंगामांत कधी वाटला नव्हता. याला सोडून जायचं? आणि नाही गेलं तर हाच म्हातारा आपल्याला काय म्हणेल? जावं तरी जीव तुटतो, राहावं तरी लाज वाटते. तीन दिवस जे डोक्यात फिरत होतं ते पुन्हा पहिल्यापासून फिरू लागलं.

मोटारसायकल बांधावर थांबली. माणूस उतरला आणि चालत येऊ लागला.

“नाना, एकदाच विचारतो, पुन्हा विचारणार नाही,” सर्जेराव घाईघाईनं म्हणाला. “तुम्ही सांगाल तसं करतो. हो म्हणू का नको म्हणू?”

कट्.

नानांची मान आवाजाकडं वळली.

“सांगा ना, नाना. तो आलाच. हो का नको?”

नानांची दाढी हलली. हसत होते की काय, कळलं नाही. त्यांनी आपला तळवा पुढं केला आणि तसाच धरून ठेवला.

सर्जेरावाला समजेना. त्यानं तळव्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. उजव्या हातात पितळी अडकित्ता होता. डाव्या हातात, तीन दिवस खिशात फिरून गुळगुळीत झालेली सुपारी होती, आणि तिचे दोन तुकडे झाले होते.

इंगळ्यांचा माणूस जवळ येऊन उभा राहिला.

“बगत काय बसलास?” नाना म्हणाले. “अर्धी हिकडं दे.”